वॉशर फ्लुइड गोठलं तर? कॅनडातल्या हिवाळ्यात गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मी ऑन्टॅरिओत किचनर-वॉटर्लू भागात राहतो, हा माझा इथला अकरावा हिवाळा. दर वर्षी पहिली कडाक्याची थंडी पडली की नवीन आलेल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "काचेवर पाणी मारतोय पण येतच नाहीये". तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. स्टुडंट मंडळींनी आणि पहिली गाडी घेतलेल्यांनी तर जरूर वाचा, कारण टायर आणि बॅटरीबद्दल सगळे सांगतात पण काच धुवायच्या या वॉशर फ्लुइडबद्दल कुणी बोलत नाही.

आपण पुण्या-मुंबईत नुसतं पाणीच घालायचो की, फार तर थोडा शाम्पू. इथे काय वेगळं?

तिकडे पाणी गोठायचा प्रश्नच नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला गवतावर हिमकण दिसले तरी पेपरात फोटो येतो, पण तेवढ्याने कुणाच्या गाडीची टाकी गोठत नाही. इथे डिसेंबर ते मार्च पाणी म्हणजे बर्फच समजा. म्हणून इथलं निळं फ्लुइड म्हणजे पाणी अधिक मिथेनॉल, थोडासा साबण आणि रंग. शुद्ध मिथेनॉल -९७ च्या आसपास गोठतं, ते पाण्यात मिसळलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. -४० पर्यंत न गोठणाऱ्या, म्हणजे वर '-४०' लिहिलेल्या कॅनमध्ये साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त मिथेनॉल असतं, आणि उन्हाळ्याच्या कॅनमध्ये जवळजवळ नसतंच.

पण एवढं काय त्यात, काच थोडी घाण असली तर चालते की?

नाही चालत. माझ्याबरोबर काय झालं ते सांगतो.

माझा दुसरा हिवाळा. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा नाशिकला परत गेले, जायच्या आदल्या दिवशी बाबांनी प्रेमाने गाडी धुतली, बॉनेट उघडून सगळं बघितलं, ऑइल बघितलं, आणि वॉशरची टाकी अर्धी रिकामी दिसली म्हणून किचनमधून जग भरून आणून नळाचं पाणी काठोकाठ भरलं. आयुष्यभर त्यांनी असंच केलंय, त्यात चूक काय. मला सांगितलंही होतं, पण मी लक्षच दिलं नाही. डिसेंबर तसा सौम्य गेला, आधीचं थोडं फ्लुइड त्यात होतं म्हणून काम निभावलं. मग जानेवारीत मिसिसागाला एका मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिला मदत करायची म्हणून आम्ही सकाळीच निघालो, बायको बाजूच्या सीटवर मांडीवर तिळगुळाचा डबा घेऊन. बाहेर -१२. हायवे ४०१ वर मिल्टनच्या अलीकडे एका ट्रेलरला ओव्हरटेक करताना त्याच्या चाकांखालचा, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा राड सगळाच्या सगळा आमच्या काचेवर आला. मी वायपर मारला, तर तो राड पुसला जायच्या ऐवजी पांढरा होऊन पसरला. फ्लुइड मारायची स्टिअरिंगजवळची दांडी ओढली, घर्र्र आवाज आला पण थेंब नाही. परत ओढली, नाही. आणि उजवीकडून तिरपं ऊन थेट त्या पांढऱ्या थरावर, म्हणजे समोर नुसता उजेड, रस्ता नाही, गाड्या नाहीत. शंभरच्या स्पीडला. बायको म्हणाली "अरे हळू", आणि तिने डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला, ते हात अजून डोळ्यांसमोर आहेत. काचेच्या खालच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी जागा स्वच्छ राहिली होती, तिच्यातून वाकून बघत बघत मी पुढच्या एक्झिटला बाहेर पडलो.

म्हणून सांगतो, हे फ्लुइड म्हणजे काच चकचकीत ठेवायची वस्तू नाही. ब्रेक लागतात की नाही हे जसं बघता तसंच हेही बघा.

कॅनवर -४० लिहिलंय, म्हणजे -४० पर्यंत बिनधास्त ना?

टाकीत, हो. काचेवर, नाही. हा फरक समजून घ्या कारण सगळा घोळ इथेच होतो. (-४० हा आकडा सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्हीत एकच आहे, त्यामुळे अमेरिकेतून आणलेला कॅन असला तरी गोंधळ नाही.)

फ्लुइडचा पातळ थर काचेवर पडला की त्यातलं मिथेनॉल आधी उडून जातं, पाणी मागे राहतं. त्यात तुम्ही हायवेला, वारा जोरात, म्हणजे ते आणखी भरभर उडतं, आणि उडताना काचेतली उष्णताही घेऊन जातं, आपण हाताला सॅनिटायझर लावल्यावर गार वाटतं ना तसंच. मग उरलेलं पाणी थंड काचेवर दोन सेकंदात गोठतं आणि काचेवर बर्फाची जाळी धरते. लोक म्हणतात फ्लुइड बोगस निघालं. फ्लुइड बोगस नसतं, काच थंड असते.

उपाय एकच, आधी काच गरम करा मग फ्लुइड मारा. निघण्याआधी डीफ्रॉस्टची हवा पूर्ण गरम करून पाच-दहा मिनिटं काचेवर सोडा, हायवेवरही पायाकडची हवा कमी करून काचेवरची चालू ठेवा. अगदी कडाक्याच्या दिवशी गरम न झालेल्या काचेवर स्पीडमध्ये फ्लुइड मारूच नका, आहे तेवढं दिसणंही जाईल.

हवामानात -१८ आणि 'फील्स लाइक -२९' असं दाखवतात, फ्लुइडसाठी कुठला आकडा धरायचा?

-१८. तो दुसरा आकडा माणसाच्या उघड्या कातडीला काय वाटेल त्याचा आहे. टाकी कितीही वाऱ्यात उभी असली तरी हवेच्या तापमानापेक्षा खाली जात नाही, फक्त तिथवर लवकर पोचते. पण वर सांगितलेलं मिथेनॉल उडण्याचं कारण धरून १०-१५ डिग्री हात राखूनच घ्या. -२० चं फ्लुइड -१८ ला पुरेल असा हिशोब करू नका.

सगळ्यात जास्त लागतं कधी, -२५ ला?

उलट. -२५ ला रस्ता बऱ्याचदा कोरडा असतो, मिठाची पांढरी धूळ असते फक्त. खरी मारामारी ० ते -८ मध्ये, कारण तेव्हा मीठ काम करत असतं, बर्फ वितळून चिखल होतो आणि प्रत्येक ट्रक तो उडवत जातो. अशा दिवशी टोरॉन्टोला जाऊन आलात तर अर्धी टाकी सहज संपते. म्हणून डिकीत एक भरलेला कॅन कायम हवा, ३.७८ लिटरचा मिळतो तो, पेट्रोल पंपावर घ्याल तर महाग पडेल, ऑक्टोबरमध्ये हार्डवेअरच्या दुकानात सेल असतो तेव्हा दोन-तीन घेऊन ठेवा.

सगळे कॅन निळेच, मग ओळखू कसं?

रंगावर जाऊच नका. उन्हाळ्याचं, किडे साफ करायचं फ्लुइडही निळं मिळतं, हिरवं आणि गुलाबीही मिळतं. कॅनवरचा आकडा वाचा. आणि गाडी सेकंडहँड घेतली असेल तर टाकीत काय आहे ते विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही, त्यालाही माहीत नसतं. एखाद्या फेकून द्यायच्या प्लास्टिकच्या डब्यात थोडं फ्लुइड काढा आणि थंडीच्या रात्री बाल्कनीत ठेवा, लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर पोचणार नाही अशा जागी. सकाळी गोठलेलं किंवा खिचडीसारखं घट्ट दिसलं तर टाकी रिकामी करायला घ्या. किचनच्या फ्रीजरमध्ये ही टेस्ट करू नका, हे विष आहे, खाण्याच्या वस्तूंजवळ नको.

आधीचं पाणी किंवा उन्हाळी फ्लुइड टाकीत आहे, वरून -४० ओतलं तर चालेल?

थोडंसंच उरलं असेल तर चालेल. अर्धी टाकी जुनं असेल तर नाही, कारण मिथेनॉल अर्ध्यावर आलं की गोठणबिंदू खूप वर येतो, आणि तुम्ही मात्र -४० भरलंय अशा समजुतीत राहता. ऑक्टोबरच्या शेवटी दांडी ओढून ओढून टाकी संपवा, सलग नको, चार-पाच सेकंद मारायचं, थांबायचं, परत मारायचं, कोरडा पंप फिरत राहिला तर जळतो. मग नवीन भरा.

भरल्यावर एक गोष्ट नव्वद टक्के लोक विसरतात: नळ्यांमध्ये जुनंच पाणी असतं. टाकीपासून नोझलपर्यंत रबराची बारीक नळी जाते, तिच्यातलं पाणी तसंच राहिलं तर टाकीत कितीही चांगलं फ्लुइड असो, नळीत बर्फाचं बूच बसणार. म्हणून नवीन भरलं की पुढे आणि मागे दोन्हीकडे मारत राहा, वास बदलला की समजायचं नवीन आलं.

आणि हो, टाकी रिकामी करायला पाइपला तोंड लावून ओढू नका!! आपल्याकडे स्कूटरमधून पेट्रोल काढायची ही सवय बऱ्याच जणांना आहे, पण इथे एक घोट गेला तरी दवाखाना. हाताने दाबायचा छोटा पंप स्वस्तात मिळतो.

दांडी ओढली की काहीच येत नाही, काय झालं असेल?

आधी इंजिन बंद ठेवून, चावी फिरवून, रेडिओ बंद करून कान द्या.

घर्र्र आवाज येतोय पण फ्लुइड नाही: पंप ठीक आहे, नळी किंवा नोझल गोठलंय, किंवा टाकीच रिकामी आहे. आवाज अजिबात नाही: पंपाच्या आतली चकती बर्फात अडकलीये किंवा फ्यूज उडालाय. दोन्हीत दांडी ओढत राहू नका. चकती अडकलेली असताना करंट देत राहिलं तर फ्यूज जातो, कधी मोटरही जाते. माझ्या वेळी मी रागारागाने वीसेक वेळा ओढली असेल. मोटर वाचली, पण पाणी गोठल्यावर साधारण ९ टक्के फुगतं ना, त्याने पंप टाकीला जिथे बसतो तिथलं रबर सरकलं आणि बर्फ वितळल्यावर सगळं गॅरेजच्या फरशीवर. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर तीही तडकू शकते.

फक्त नोझलच्या टोकाला बर्फ असेल तर सोपं आहे. चांगलं फ्लुइड असलं तरी टोकावरचं मिथेनॉल उडून तिथे थेंबभर बर्फ होतो. हातमोजा काढून बोट अर्धा मिनिट दाबून धरा, किंवा काचेवरचा बर्फ सोडवायचा डी-आयसर स्प्रे थोडा मारा.

उकळतं पाणी ओतू का?

नको. काचेवर तर मुळीच नको, -१५ च्या काचेवर उकळतं पाणी पडलं की तडा, आणि आधीच कुठे खडा लागून छोटी खूण असेल तर ती चर्रकन आडवी पसरते. टाकीत ओतलंत तर प्लास्टिकला धोका, आणि तासाभरात तेही गोठून आधीपेक्षा जास्त बर्फ तयार.

मग वितळवायचं कसं?

सगळ्यात चांगलं म्हणजे ऊबदार जागा. घरचं गॅरेज असेल तर बरंच, नाहीतर ज्यांच्या बिल्डिंगला अंडरग्राउंड पार्किंग आहे अशा मित्राकडे गाडी लावा आणि मस्त जेवून या, तीन-चार तास तरी लागतात, पूर्ण टाकी गोठली असेल तर रात्रभर. मॉलचं बंद पार्किंगही चालतं.

काहीच नसेल तर टाकीत जागा आहे का बघा, असेल तर घरात ठेवलेलं, म्हणजे खोलीच्या तापमानाचं -४० फ्लुइड थोडं थोडं ओता आणि वाट बघा, मिथेनॉल हळूहळू बर्फ खातं. पेट्रोल गाडी अर्धा तास चालवली की बॉनेटखालच्या उष्णतेनेही बऱ्याचदा सुटतं, पण फ्लुइड येत नसताना हायवेला काढू नका, गल्लीतच फिरवा. वितळलं की लगेच सगळं बाहेर काढून नवीन भरा, "आता चालतंय" म्हणून तसंच सोडलं तर रात्री परत तेच.

हायवेवर असतानाच दिसेनासं झालं तर?

घाबरून ब्रेक दाबू नका, मागच्याचीही काच तशीच असू शकते. अॅक्सिलरेटर सोडा, हॅझर्ड लाइट लावा, डीफ्रॉस्ट पूर्ण जोरात, ट्रकपासून लांब राहा. वायपर कोरडा घासत बसू नका, तो राड पसरवतो. उजव्या लेनला येऊन पहिली एक्झिट घ्या. अगदीच काही दिसत नसेल तरच शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, आणि तेही जितकं उजवीकडे जाता येईल तितकं.

मी तेव्हापासून दरवाज्याच्या कप्प्यात एक छोटी स्प्रे बाटली ठेवतो -४० भरून, वर मोठ्या अक्षरात काय आहे ते लिहून. झाकण घट्ट हवं, नाहीतर केबिनमध्ये वास भरतो. थांबल्यावर बाहेर उतरून काचेवर मारली, पेपर टॉवेलने पुसली, दोन मिनिटांत निघता येतं. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी डिकीतच ठेवा.

घरी बनवता येईल का? कुणी म्हणतं वोडका घाला, कुणी कूलंट.

कूलंट कधीच नको. ते तेलकट असतं, काचेवर थर धरतं, रात्री समोरचे लाइट फुटल्यासारखे दिसतात, गाडीचा रंगही खराब होतो, आणि तेही विषच. वोडका -२७ च्या आसपास गोठते म्हणून डोकं चालतं लोकांचं, पण चार-पाच डॉलरचा कॅन सोडून ते कशाला. अडीअडचणीला फार्मसीतलं आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकीत घालता येतं. ७० टक्क्यांचं दोन भाग आणि पाणी एक भाग असं मिश्रण स्प्रे बाटलीत भरून काचेवरचा बर्फ सोडवायला मी स्वतः वापरतो. पेट घेतं ते, गॅसजवळ बनवू नका.

खरंच इतकं विषारी आहे?

हो, आणि इथे मी हात जोडून सांगतो. मिथेनॉल पोटात गेलं की शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं, दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. लक्षणं कधी कधी बऱ्याच तासांनी दिसतात, त्यामुळे "मूल तर खेळतंय" म्हणून थांबायचं नाही. कॅनडात पॉयझन सेंटरचा नंबर १-८४४-७६४-७६६९, अमेरिकेत १-८००-२२२-१२२२. माणूस बेशुद्ध असेल तर सरळ ९११. उरलेलं फ्लुइड सरबताच्या, पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. निळं, थंडगार, पारदर्शक दिसतं हो ते.

युरोपात तर मे २०१९ पासून सामान्य ग्राहकांना विकायच्या फ्लुइडमध्ये ०.६ टक्क्यांपेक्षा जास्त मिथेनॉल चालत नाही, तिथे इथेनॉलवर बनवतात. जर्मनीतल्या मंडळींनी म्हणूनच कॅनवर पाणी किती मिसळायचं ते वाचा, तिथे बऱ्याचदा घट्ट (कॉन्सन्ट्रेट) मिळतं आणि तसंच्या तसं किंवा पाणी घालून वापरायचं असतं.

पुढचं चालतं, मागच्या काचेचं येत नाही?

मागची नळी टाकीपासून छतातून किंवा दाराखालून पूर्ण गाडी पार करून जाते, ती लांब आणि कमी वापरातली, म्हणून तीच आधी गोठते. रोज निघताना मागेही एकदा मारायची सवय लावा. गोठलेली असताना जोर लावलात तर नळी जोडावरून सुटते आणि पाणी छताच्या अस्तरात उतरतं.

इलेक्ट्रिक गाडीत काही वेगळं?

बॉनेटखाली तापलेलं इंजिन नसतं, त्यामुळे गाडी चालवता चालवता आपोआप वितळेल ही आशा कमी. बाकी सगळं तेच. फायदा हा की प्लगला लावून ठेवून निघायच्या आधी अॅपवरून काच गरम करता येते, तो वापरा.

जानेवारीत मनालीहून अटल टनेल पार करून लाहौलला जाणार आहोत, तिकडे हे लागेल?

लागेल. बोगद्याच्या अलीकडे आणि पलीकडे हवा वेगळी असते, आणि लाहौलच्या बाजूला रात्री टाकीतलं पाणी हमखास गोठतं. महाराष्ट्रातून स्वतःची गाडी घेऊन जाताय तर निघण्यापूर्वीच टाकीतलं शाम्पूचं पाणी संपवा आणि गोठणार नाही असं फ्लुइड ऑनलाइन मागवून भरा, आकडा बघून. लडाखला जाणार असाल तर नुसती काच नाही, डिझेलसुद्धा घट्ट होतं, त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये -३३ पर्यंत चालणारं खास हिवाळी डिझेल आणलं, ते तिकडच्या पंपावरच भरा.

आई-बाबा येणार आहेत, त्यांना कसं सांगू?

मी टाकीच्या निळ्या झाकणावर, ते काचेवर कारंजं उडतंय असं चित्र असतं ना, त्याच्या बाजूला पांढऱ्या टेपवर मार्करने लिहून ठेवलंय, "पाणी घालू नये". बाबांना त्या दिवसाचं काही सांगितलं नव्हतं, उगाच मनाला लावून घेतलं असतं. पुढच्या खेपेला आले तेव्हा टेप वाचून त्यांनीच विचारलं, मग फक्त फ्लुइड कसं बनतं ते सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर दुकानात येऊन कॅनवरचे आकडे चष्मा लावून वाचत होते. आता व्हिडिओ कॉलवर नोव्हेंबर उजाडला की तेच विचारतात, भरलंस का.

मे महिन्यात -४० चं उरलेलं वापरलं तर चालतं?

चालतं. किडे तेवढे नीट निघत नाहीत, बाकी काही होत नाही. मी बाराही महिने तेच ठेवतो, म्हणजे ऑक्टोबरमध्ये टाकी रिकामी करायची भानगड राहत नाही.